अर्धी मूठ

टण.

मागच्या पडवीत खुंटीला पालथं टांगलेलं मोठं भांडं वाजलं आणि घरातली शांतता मोडली. त्याच्या बुडाला एक जुना पोचा होता. सकाळचं ऊन भिंतीवरून सरकत तिथवर आलं की पत्रा तापायचा, पोचा आपसूक बाहेर यायचा आणि हा एकच ठोका पडायचा. थंडीत जरा उशिरा, उन्हाळ्यात लवकर, पण रोज. सासूबाई म्हणायच्या, "उठलं गं बाई भांडं." जणू त्याच्यामुळेच त्यांना जाग आली, खरं तर त्या तासभर आधीपासून शेंगा सोलत बसलेल्या असायच्या.

आज तो ठोका ऐकून कुणी काही म्हणालं नाही. सूनबाई ओट्याला टेकून उभी होती, हातातला चहा केव्हाच गार झाला होता. सासूबाईंना जाऊन हा पाचवा रविवार.

अख्खी ओळ तिला सूनबाईच म्हणायची. लग्न होऊन आली त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ते चिकटलं ते चिकटलंच. आता जिची ती सून ते माणूसच राहिलं नव्हतं, पण नाव परत घ्यायचं काही कुणाला सुचलं नव्हतं.

ओळ म्हणजे पंपघराच्या कुंपणाला लागून बांधलेली आठ घरं. आठ दारं पुढच्या गल्लीत उघडणारी, आठ दारं मागच्या सामाईक अंगणात. अंगणापलीकडे कालवा, आणि कालव्याच्या कडेने आठ वाफे, दाराला एक. वाफे मूळचे कुणाचे होते कोण जाणे, पण पाणी हाताशी होतं आणि माती काळी होती. त्यामुळे बसगाड्या हाकणारे दोघे भाऊसुद्धा, ज्यांना गाजराचा पाला कुठला नि कोथिंबीर कुठली हे आधी कळत नव्हतं, ते आता कामावरून आले की चपला काढून थेट मातीत शिरायचे.

रविवारी सकाळी ज्याच्या वाफ्यात जे तयार झालं असेल ते त्याने चौथ्या दारापाशी टोपलीत ठेवायचं. कुणी काय ठेवलं ते बोलायचं नाही, कमीजास्त विचारायचं नाही. मग चौथ्या दाराने, म्हणजे सासूबाईंनी, ते सगळं एका भांड्यात शिजवायचं आणि दुपारी सगळ्यांनी अंगणात बसून जेवायचं. त्या पदार्थाला नाव नव्हतंच. भांडं हेच नाव. "आज भांड्यात काय?" असं विचारायचं आणि "ओळीला आलं ते" हे उत्तर ऐकायचं. एकदा आठही टोपल्यांत मुळेच आले होते. त्या रविवारची आठवण काढून दुसऱ्या दारातले घड्याळजी अजून पोटावर हात ठेवत.

भाजी कितीही येवो, मसूर आणि भरडलेला गहू मात्र मापात लागायचा, नाहीतर पाणी पाणी तरी व्हायचं किंवा लगदा तरी. आणि माप होतं सासूबाईंची मूठ. माणशी एक. वाटी नाही, काटा नाही. डब्यात हात घालायचा आणि एकेका माणसाला आठवून टाकायचं. लहानांचा हिशेब वेगळा. दात येईपर्यंत काही नाही. दात आले की चिमूट. शाळेत जायला लागलं की अर्धी मूठ. आणि पोराचं डोकं आईच्या खांद्याला लागलं की त्या दिवसापासून पूर्ण मूठ. बसवाल्यांच्या थोरल्या पोराचं डोकं खांद्याला लागलं, तेव्हा त्याला अंगणात आईशेजारी उभं करून सासूबाईंनी स्वतः तळहात आडवा धरून पाहिलं होतं. केस फुगवून आलाय मेला, म्हणून आधी पाणी लावून भांग पाडायला लावला होता.

पहिले तीन रविवार भांड्याचं नाव कुणी काढलं नाही. चौथ्या रविवारी, म्हणजे गेल्या आठवड्यात, सूनबाईने ते खुंटीवरून उतरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. दारात तीन टोपल्या आल्या होत्या. सवयीनेच ठेवल्या असतील कुणीतरी. तिने ओळीतली माणसं मनात मोजली, बावीस भरली, त्यात पोरंटोरं किती ते वजा केलं आणि तेवढ्या मुठी टाकल्या. पण मुठी तिच्या होत्या. वाढता वाढता दुपारी तिच्या लक्षात आलं की तळ दिसतोय. सगळ्यांत शेवटी रुग्णालयातून पाळी संपवून नर्सबाई आल्या, तेव्हा भांड्यात खरवडण्यापुरतंच उरलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, बरंच झालं, आज तसंही पोट जड आहे. आणि घरात जाऊन त्यांनी पाव खाल्ला. पडदा उडाला तेव्हा सूनबाईला ते दिसलं.

घड्याळजींचं एक ठरलेलं वाक्य होतं. पहिला घास गिळला की ते दर रविवारी म्हणायचे, "जीव भांड्यात पडला." इतक्या वर्षांत लोक हसायचे थांबले होते, पण ते म्हणायचे थांबले नव्हते. गेल्या रविवारी ते गप्प जेवले.

म्हणून तिने ठरवलं होतं. आजचं शेवटचं. जेवणं झाली की सगळ्यांना सांगून टाकायचं, की मला हे जमणार नाही. भांडं ज्याला हवं त्याने न्यावं, नाहीतर आपापल्या घरी शिजवावं. नवऱ्याला काल सांगितलं तेव्हा तो पंपघराचे बूट काढत होता. म्हणाला, झेपत नसेल तर सोड, कुणी काही म्हणणार नाही. मग दुसरा बूट काढायला त्याला फार वेळ लागला.

पण झेपत नाही हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तिला त्या भांड्याचा राग होता.

आठ वर्षांपूर्वी तिला पहिली मुलगी झाली होती. दिवस भरण्याआधीच. दोन दिवस काचेच्या पेटीत होती. हिने काचेवर बोट ठेवलं की पलीकडून काहीच व्हायचं नाही, एवढंच तिला नीट आठवतं. तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी घरी आली. तो रविवार होता. मागच्या दाराने आत शिरताना तिने पाहिलं, अंगणात भांडं चढलेलं. चुलीपाशी सासूबाई बसलेल्या, हातात मोठा डाव, अंगणभर धूर. थोड्या वेळाने पंगत बसली, माणसं हलक्या आवाजात जेवली आणि सासूबाईंनी खोलीत येऊन तिच्यापुढे ताट ठेवलं. म्हणाल्या, "जेव." एवढंच.

सख्खी नात गेली त्या दिवशीसुद्धा जिचा हात मसुरीच्या डब्यात गेला, ती बाई कसल्या मनाची असेल, हा प्रश्न त्या दिवशी सूनबाईच्या घशात अडकला तो आजतागायत. भांडण झालं नाही. आवाज चढला नाही. दोघी एका ओट्यावर आठ वर्षं राबल्या, एकमेकींचे केस विंचरले, तापात एकमेकींच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पण त्या मुलीचं नाव घरात निघालं नाही. नाव ठेवलंच नव्हतं म्हणा.

आणि सासूबाईंची एक सवय तिला कधीच सोसली नाही. सगळ्यांना मोजून वाढणारी बाई, पण सुनेच्या ताटात एक डाव जास्त. नको म्हटलं तरी ओतायच्याच. चारचौघांत. "खा, अंगी लागू दे." सूनबाईला त्यात टोमणा ऐकू यायचा. तुझ्या अंगातच काही नव्हतं म्हणून पोर टिकली नाही, असं त्या डावातून सांगतात, असं तिला वाटायचं. ती मान खाली घालून खायची आणि शेवटचे दोन घास मुद्दाम टाकायची.

पुढे तीन वर्षांनी मिरी झाली. काळीसावळी, एवढीशी आणि तिखट, म्हणून मिरी. आजीला चिकटलेली. आजी गेल्यापासून मिरीने रडून घर डोक्यावर घेतलं नव्हतं, फक्त आजीची उशी ओढून आपल्या उशीवर ठेवली होती आणि आता दोन उशांवर मान वाकडी करून झोपायची.

तिने दार उघडलं. आज टोपल्या सहा होत्या. शेवटच्या थंडीचा माल. मटार संपत आलेला, शेंगा जाड, दाणे पिठूळ. गाजरं बुटकी आणि वाकडी. पालक फुलावर आलेला, त्याची कोवळी पानं कुणीतरी निगुतीने वेगळी खुडून ठेवली होती. पातीचे कांदे. एका टोपलीत लाल भोपळ्याची मोठी फोड, वरून ओल्या फडक्याने झाकलेली. भोपळा या दिवसांतला नव्हता. कुणीतरी माळ्यावर जपून ठेवलेला फोडला होता. आपल्यासाठी फोडला, हे तिला कळलं आणि उलट वाईट वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या दारातून शिंपीणकाकू पाट घेऊन आल्या. सासूबाईंच्या जिवाभावाच्या. इतकी वर्षं दर रविवारी त्याच समोर बसून भाजी चिरत आल्या होत्या. गेल्या रविवारी लेकीकडे गेल्या होत्या, आल्यावर त्यांना सगळं कळलं असणारच. त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. पाट टाकला, गाजरं पुढ्यात ओढली.

"आण सुरी," म्हणाल्या. "तुझ्या सासूच्या बाहीचं माप आहे माझ्या वहीत. मुठीचं घ्यायचं राहिलं बघ. एवढे कपडे शिवले तिचे, पण ते काही सुचलं नाही."

सूनबाई हसली नाही, पण शेजारी बसली. मटार सोलायला घेतला. बराच वेळ फक्त शेंगा फुटल्याचा आणि गाजर चिरल्याचा आवाज होता. काकूंचे तुकडे एकसारखे, फुटपट्टीने आखल्यासारखे. तिने काकूंना सांगून टाकलं, आजचं शेवटचं म्हणून. काकूंचा हात थांबला नाही. तुझी मर्जी, म्हणाल्या, हातही तुझे आणि पाठही तुझी. थोड्या वेळाने म्हणाल्या की भोपळा मात्र मोठा चीर, तो विरघळून सगळ्याला गोडी आणतो.

अंगणातल्या विटांच्या चुलीत तिने काटक्या पेटवल्या. भांडं चढवलं. तेलात लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मग भोपळा आणि गाजरं, म्हणजे जे शिजायला वेळ खातं ते आधी. मटार जून होता म्हणून तोही लवकरच. पालक अगदी शेवटी, उतरवताना. हे सगळं तिला येत होतं. भाजीचा प्रश्न नव्हताच. पाणी उकळायला लागलं, तशी ती मसुरीचा आणि गव्हाचा एकत्र केलेला डबा घेऊन आली, झाकण काढलं आणि तिचा हात डब्याच्या तोंडाशी अडला.

मिरी कधी येऊन शेजारी उकिडवी बसली, तिला कळलं नाही.

"आजी अशी नव्हती टाकत," मिरी म्हणाली.

"मग कशी?"

"म्हणून टाकायची. तुला येत नाही? मला येतं."

आणि मिरीने सुरुवात केली. पाठ असलेलं म्हणतात तशी नव्हे, अगदी आजीच्या चालीवर. मध्येच दम खायच्या जागासुद्धा आजीच्या. पहिलं दार, नर्सबाई एक, नर्सबाईंची आई एक पण हलकी, तिला पचत नाही. दुसरं दार, घड्याळजी एक आणि वर थोडी, कारण ते नको नको म्हणत दोनदा घेतात. तिसरं दार, थोरला बसवाला एक, धाकटा एक... सूनबाईचा हात आपोआप चालू लागला. मिरी मध्येच तिची मूठ पकडायची आणि म्हणायची, एवढीशी नाही, आजीची मोठी होती, अजून घे. मग ती मुठीवर एक चिमूट घ्यायची. मिरी बघायची, मान डोलवायची आणि पुढे जायची. गेल्या रविवारी आपण फक्त माणसं मोजली होती, सूनबाईच्या मनात आलं. हलकी कुणाची आणि वर थोडी कुणाची, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. आठ वर्षं पाच हातांवर उभी राहून आपण ऐकलं नव्हतं.

आठवं दार झालं.

"आता आपलं घर. आपलं शेवटी असतं," मिरी म्हणाली. "बाबा एक. आई एक. मिरी चिमूट. आजी एक."

सूनबाईची मूठ भांड्यावर थांबली. वाफ मनगटाला लागत होती.

"मिरी," ती हळूच म्हणाली, "आजी नाही ना आता."

"माहितीये."

"मग आजीची कशी टाकायची?"

मिरीने तिच्याकडे असं पाहिलं, की एवढी मोठी बाई आणि एवढंही कळत नाही. "ताई पण नाहीये. आजी तिची टाकायची ना."

"कुठली ताई?"

"आपली ताई. माझ्याआधीची. तिची अर्धी मूठ. आधी चिमूट होती, मग ती शाळेत जायला लागली." मिरीने डब्यात आपला हात घालून बोटं अर्धी मिटून दाखवली. "अशी. आजी ती हळू आवाजात म्हणायची, पण मला ऐकू यायची."

सुरीचा आवाज थांबला होता. सूनबाईने काकूंकडे पाहिलं. काकूंनी सुरी पाटावर ठेवली आणि पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी.

"पाच आठवडे चाललंय माझं," काकू म्हणाल्या, "बोलू की नको. पोरीनेच बोलून टाकलं ते बरं झालं." त्यांनी मिरीला नर्सबाईंच्या वाफ्यातून चार पानं पुदिन्याची आणायला पिटाळलं. ती गेली, तसा त्यांचा आवाज खाली आला. "तुझी पोर गेली, त्यानंतरचा सातवा महिना असेल. मी इथेच, अशीच कांदे चिरत होते. सगळ्यांच्या मुठी झाल्या आणि हिने परत डब्यात हात घातला. दोन बोटांत धरून चिमूटभर टाकलं. मी म्हटलं, ही कुणाची गं, ओळीत तान्हं कुणी नाही. तर म्हणाली, आता दात आले असते."

चुलीत एक काटकी फुटली. सूनबाईच्या हातात सासूबाईंच्या नावाची मूठ अजून तशीच होती.

"मला कधी बोलल्या नाहीत," ती म्हणाली.

"मी म्हटलं होतं तिला, सुनेशी बोल म्हणून. तर म्हणायची, ती माझ्यापुढे रडत नाही, मग मी तिच्यापुढे कशी रडू, तिला जड होईल. आणि तुझंही काहीसं तसंच." काकू थांबल्या. "शाळेचं वय झालं त्या वर्षी, शाळा सुरू झाल्या त्या रविवारी, अर्धी मूठ टाकली तिने. आदल्या दिवशी मला विचारून गेली होती, की या वर्षी घेतील ना गं शाळेत? जसं काही मीच घेणार होते."

सूनबाईला विचारायचं नव्हतं, पण आठ वर्षं अडकलेलं ते बाहेर आलंच. "मग त्या दिवशी भांडं कशाला चढवलं, काकू? मी घरी आले त्या दिवशी?"

"अगं, टोपल्या आल्या होत्या. आठही दारांना कळलं होतं आणि काय बोलावं कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून ज्याच्या वाफ्यात जे होतं नव्हतं ते उपटून आणून ठेवलं. कच्चंसुद्धा. एवढी भाजी त्याआधी नाही आली आणि त्यानंतरही नाही. ती काय करणार होती, दारात सुकू देणार होती?" काकूंनी चुलीकडे पाहिलं. "आणि तुला वाटतं ती रडली नाही. अख्खी सकाळ धुरात बसली होती. मी कोरडी लाकडं आणून दिली, तर म्हणाली राहू दे, आणि कालव्यातून ओल्या काटक्या आणून घातल्या चुलीत. आपल्या हाताने. म्हणजे डोळ्यांचं कुणी विचारायला नको."

अंगणभरचा तो धूर सूनबाईला आठवला. दाराशी आली तेव्हा तिला त्याने ठसका लागला होता आणि सासूबाईंनी मान वर करून पाहिलं होतं, लालभडक डोळ्यांनी. तिला वाटलं होतं, चुलीपाशी बसणाऱ्या बाईचे डोळे तसेच असायचे.

आणि मग तिला तो डाव आठवला. दर रविवारचा, जास्तीचा. अर्धी मूठ शिजली की बरोबर एक डाव होत असेल. अंगी लागू दे. कुणाच्या वाटणीचं होतं ते, आणि दर रविवारी आपण मुद्दाम टाकलेले शेवटचे दोन घास कुणाचे होते. ती डब्याशेजारी बसूनच राहिली. काकूंनी तिला हात लावला नाही. त्यांनी फक्त आपला पाट जरासा जवळ सरकवला आणि उरलेलं एक गाजर चिरायला घेतलं, एकसारखे तुकडे.

मिरी पुदिना घेऊन धावत आली. "टाकलीस?"

सूनबाईने हातातली मूठ भांड्यात सोडली. "आजी एक," ती म्हणाली. मग तिने पुन्हा डब्यात हात घातला आणि बोटं अर्धी मिटली. किती घट्ट मिटायची ते तिला कळेना. मिरीने वाकून पाहिलं, दोन दाणे काढले, मग एक परत ठेवला आणि म्हणाली, आता बरोबर.

दुपारी अंगणात पंगत बसली. नवरा पंपघरातून आला, हात धुऊन वाढायला लागला. नर्सबाई आजही शेवटीच आल्या, आणि आज भांड्यात त्यांच्यापुरतं होतं. त्यांच्यापुरतं होऊन वर आणखी एका माणसाचं होतं. ते आजीचं, असं मिरीने जाहीर केलं आणि आजीचं सगळं नर्सबाईंना द्यायचं असंही तिनेच ठरवलं. नर्सबाईंनी पोट जड असल्याचं आज काही सांगितलं नाही. ताट पुढे केलं.

घड्याळजींनी पहिला घास घेतला. सगळे नकळत त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तो बराच वेळ चावला, भिंगाखाली घड्याळाची चाकं बघताना करायचे तसे डोळे बारीक करून.

"पडला," ते म्हणाले. "जीव पडला भांड्यात. पण मीठ कमी आहे, तेव्हा अर्धाच."

कुणीतरी हसलं, मग दोघेतिघे. घड्याळजी मिठाची वाटी पुढे ओढत म्हणाले, "सूनबाई, तुला काहीतरी सांगायचं होतं म्हणे सगळ्यांना?"

नवऱ्याचा हात डावावर थांबला. शिंपीणकाकू ताटात बघत होत्या.

"हो," ती म्हणाली. "लसूण संपलाय. पुढच्या रविवारी कुणाच्या वाफ्यात असेल तर आणा."

मग तिने आपलं ताट घेतलं. एक डाव वाढून घेतला आणि क्षणभराने आणखी एक. मिरीच्या बापाने विचारलं, एवढं खाशील? ती हो म्हणाली. ती फार सावकाश जेवली. बाकीचे उठले, हात धुऊन आले, पोरं कालव्याकडे पळाली, तरी ती बसून होती. भाजी गार झाली, भोपळा ताटाला चिकटला. शेवटचे दोन घास घशाखाली उतरायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, पण तिने ताटात काही ठेवलं नाही. बोटाने पुसून घेतलं.

उन्हं कलली तेव्हा तिने आणि मिरीने भांडं घासलं. राखेने आतून, वाळूने बाहेरून. बुडाचा तो पोचा मिरीने आत दाबून पाहिला, तो टण वाजून बाहेर आला, आणि मग तिने तो दहा वेळा वाजवला. दोघींनी मिळून भांडं पडवीत आणलं. सूनबाईने दोन्ही हात वर करून ते खुंटीला लावलं. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मिरी तिला खेटून उभी राहिली. ताठ, टाचा जमिनीला टेकवून, लबाडी न करता. तळहात आडवा धरून तिने आपल्या डोक्यावरून आईच्या अंगापर्यंत नेला.

"मी कमरेच्या इथे आले. शाळेत गेले की माझी पण अर्धी होणार ना?"

"होणार."

"आणि खांद्याला लागले की पूर्ण."

"हो, पूर्ण."

मिरीने मान वर करून आईच्या खांद्याकडे पाहिलं. मग बाजूच्या रिकाम्या जागेकडे, जिथे तिच्याहून थोडं उंच कुणी उभं राहिलं असतं. खूप विचार केल्यासारखं तिचं कपाळ आक्रसलं.

"आई, ताईचं डोकं तुझ्या खांद्याला लागलं, हे आपल्याला कळणार कसं?"